पोटखराबाची किंमत

आमच्या गावाच्या उत्तरेस, जुन्या जकातनाक्याच्या पलीकडे, ओढ्याला लागून असलेल्या अडीच एकरांच्या एका तुकड्यात दोन वर्षांपूर्वीपर्यंत एक पडकी विहीर होती, विहिरीवर ओणवलेली एक जुनी बाभूळ होती, आणि मृगाच्या सरी पडून ओढ्याकाठचे गवत कमरेइतके वाढले की त्या बाभळीच्या शेंड्यांना सुगरणींची घरटी लोंबू लागत. सुगरण हे नाव आपण स्त्रीलिंगी ठेवले असले तरी घरटे विणणारा असतो तो नर. उंच पात्याच्या बुडाशी चोचीने खाच पाडायची, पात्याची कड चोचीत धरून उडायचे, आणि त्या उडण्याच्या हिसक्यानेच एक लांब हिरवी दोरी सोलून निघावी, अशी त्याची रीत. अशा शेकडो खेपा झाल्या म्हणजे एक घरटे उभे राहते, आणि ते अर्धेमुर्धे झाले की मादी येऊन पाहून जाते. आतल्या बाजूस तो ओल्या चिखलाचे गोळे लिंपतो, आणि पिले अंड्यांतून बाहेर आली की त्यांना दाण्यांआधी किडे भरवावे लागतात. म्हणजे बाभूळ ही त्या संसाराची केवळ खुंटी होय. संसार चालतो तो गवतावर, चिखलावर, किड्यांवर आणि खालच्या पाण्यावर.

ह्या जमिनीवर वसाहत उभारण्याचा अर्ज दाखल झाला तेव्हा रीतसर पाहणी झाली आणि पंचनाम्यात एकूण सात झाडे नोंदली गेली: कडुनिंब तीन, सुबाभूळ दोन, करंज एक, बाभूळ एक. प्रत्येकाच्या बुंध्याचा घेर, उंची, अंदाजे वय आणि 'बांधकामास अडथळा' असा शेरा. हरकती मागविणारी नोटीस बुंध्यांवर चिकटवली गेली, मुदत संपली, परवानगी मिळाली, तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावावयाच्या रोपांची संख्या ठरली. त्या कागदात खोटे असे एक अक्षरही नव्हते. परंतु त्यात गवत नव्हते, ओढ्याचा काठ नव्हता, घरटी नव्हती, कारण ह्यांपैकी कशालाही बुंधा नाही. आणि ओढ्याकाठची ती सगळी पट्टी सातबाऱ्यावर आधीच 'पोटखराब' म्हणून लिहिलेली होती. ज्या जमिनीतून पीक निघत नाही, म्हणून जिच्यावर आकार बसत नाही, ती पोटखराब. महसुली दप्तराच्या दृष्टीने हा शब्द निर्दोष आहे, कारण ते दप्तर वसुलीसाठी निर्माण झाले. पण पिढ्यान्‌पिढ्या तो वाचत आल्यामुळे, जे पिकत नाही ते कशाच्याच कामाचे नाही, अशी एक समजूत आपल्या नियोजनाच्या हाडीमाशी खिळली आहे, आणि ह्या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते ह्या समजुतीविषयी आहे.

इंग्लंडात गेल्या काही वर्षांत ह्या समजुतीला कायद्याने छेद देण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला आहे. २०२१ च्या पर्यावरण अधिनियमाने तेथील १९९० च्या नगर व ग्राम नियोजन अधिनियमात एक नवी तरतूद घातली, आणि १२ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना व २ एप्रिल २०२४ पासून लहान बांधकामांना ती लागू झाली. तिचा आशय असा, की ज्याला बांधकामाची परवानगी हवी असेल त्याने आपल्या कामाने सृष्टीची हानी होणार नाही एवढेच सिद्ध करून भागणार नाही. काम पुरे झाल्यावर तेथील वन्य जीवसृष्टीचे मोल पूर्वीपेक्षा किमान १० टक्क्यांनी वाढलेले असले पाहिजे, आणि ती वाढ निदान ३० वर्षे टिकवली पाहिजे. जैवविविधतेतील निव्वळ वृद्धी हे ह्या तत्त्वाचे नाव. परदेशी कायद्याचे हे कौतुक आपल्याला कशाला, असे कोणी विचारील. तर त्याचे एक साधे उत्तर आहे. आपला नगररचनेचा कायदा त्याच घराण्यातला आहे. १९१५ चा मुंबई नगररचना अधिनियम हा ह्या देशातला त्या जातीचा पहिला कायदा, आणि तो इंग्लंडच्या १९०९ च्या कायद्याच्या नमुन्यावर घडवला गेला. आजचा १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम त्याच परंपरेत बसतो. घराण्याच्या एका शाखेने शतकानंतर जुन्या हिशेबातली चूक ओळखली असेल, तर दुसऱ्या शाखेने आपली वही एकदा उघडून पाहणे हे काही अनुकरण नव्हे. शिवाय ही कल्पना मुळात इंग्रजांचीही नव्हे. निसर्गाची हानी करणाऱ्याने तिची भरपाई केली पाहिजे हा दंडक जर्मनीने १९७६ सालीच आपल्या कायद्यात घातला होता.

हिशेब कसा होतो हे पाहण्यासारखे आहे, कारण कायद्याचे खरे मन त्याच्या उद्देशिकेपेक्षा त्याच्या कोष्टकांत दिसते. तेथे झाड हे मोजमापाचे मूळ नाही. अधिवास हे मूळ आहे. अर्जाबरोबर जमिनीचा जो नकाशा द्यावयाचा त्यात कुरण कोणते, झुडपांचे रान कोणते, पाणथळ कोणती, हे तुकड्या-तुकड्याने दाखवावे लागते. मग प्रत्येक तुकड्याचे क्षेत्र हेक्टरांत घ्यावयाचे, त्याच्या वैशिष्ट्याला शून्यापासून आठपर्यंत गुण द्यावयाचे, त्याची प्रकृती वाईट असल्यास एकाने, मध्यम असल्यास दोनाने, उत्तम असल्यास तिनाने गुणावयाचे, आणि स्थानिक निसर्गयोजनेत त्या जागेला महत्त्व असेल तर थोडी भर घालावयाची. शेताच्या कडेच्या जिवंत कुंपणांचा, म्हणजे आपण ज्याला वई म्हणतो तिचा, आणि ओढ्या-नद्यांचा हिशेब स्वतंत्र, लांबीवर. कुरणाच्या जमेतून वईचे कर्ज फेडता येत नाही. नव्याने जे निर्माण करावयाचे त्याला मात्र कात्री लागते, कारण आज लावलेले कुरण उद्या कुरण होत नाही. ते साधेल की नाही ह्या धोक्याबद्दल एक वजावट, साधण्यास किती वर्षे लागतील त्याबद्दल दुसरी, आणि हानी एकीकडे व भरपाई दूर कोठे तरी असेल तर तिसरी. शेजारच्या हद्दीत केलेली भरपाई पाऊण धरली जाते, त्याहून दूरची निम्मी.

त्यांचे कोष्टक त्यांच्या कुरणांसाठी आहे. आपल्या माळाला ते जसेच्या तसे लावणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. तरीही केवळ विचाराला वळण लागावे म्हणून मी ते आमच्या त्या अडीच एकरांना लावून पाहिले. अडीच एकर म्हणजे सुमारे एक हेक्टर. तेथले गवत मध्यम वैशिष्ट्याचे, गुण चार. प्रकृती मध्यम, गुणक दोन. म्हणजे एका हेक्टरचे मोल आठ एकके. दहा टक्के वाढ धरून विकासकाने ८.८ एककांचा दाखला द्यावयास हवा. आता वसाहत झाल्यावर तेथे काय उरले? आपल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या जमिनीवर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती सोडली आहे, आणि नियमाचा भंग कोठेही झालेला नाही. त्या दहाव्या हिश्श्यात कातरलेली हिरवळ आहे, कडेने पेव्हर ब्लॉक आहेत, पाच शोभेचे ताड आहेत. हिरवळ हा अगदी खालच्या पायरीचा अधिवास. गुण दोन, प्रकृती एक, क्षेत्र एक दशांश हेक्टर, मिळून ०.२. रोपांचे काही अंश उदार मनाने मिळवले तरी आठाच्या जागी एकसुद्धा भरत नाही. दोन्हीकडे नियमात दहा टक्के हाच आकडा असावा, आणि एकीकडे त्याचा अर्थ उरलेल्या जमिनीचे क्षेत्रफळ व दुसरीकडे वाढलेल्या जीवनाचे परिमाण असा व्हावा, हा योगायोग मला कित्येक दिवस अस्वस्थ करीत राहिला.

ह्या इंग्रजी कायद्यातील दोन गोष्टी मला विशेष मोलाच्या वाटतात. पहिली ही, की काही अधिवास हिशेबाच्या बाहेर ठेवले आहेत. प्राचीन अरण्य, शतकानुशतके उभे असलेले वृद्ध वृक्ष, उंचावरील दलदल, चुनखडीचे उघडे पाषाणफरस, किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्या ह्यांना अपुनर्निर्मेय, म्हणजे पुन्हा निर्माण न करता येण्यासारखे, मानले आहे; त्यांच्या नाशाची भरपाई कोणत्याही एककांनी होत नाही, हे कायदा स्पष्ट मान्य करतो. दुसरी गोष्ट माणसाच्या स्वभावाची जाण दाखवणारी आहे. मोजणीआधीच जमीन उजाड करून टाकली तर हिशेब शून्यापासून सुरू होईल, हा विचार कोणाच्याही मनात येईल. म्हणून ३० जानेवारी २०२० नंतर जमिनीची प्रकृती मुद्दाम बिघडवली असेल तर बिघडण्यापूर्वीची अवस्थाच आधार धरावी, असे लिहून ठेवले आहे. आपल्याकडे अर्जाची शाई वाळण्यापूर्वी जेसीबी फिरवून 'सपाटीकरण' उरकले जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ह्या एका तारखेचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही.

जागेवर वाढ साधत नसेल तर विकासकाने दुसऱ्याच्या जमिनीवरील एकके विकत घ्यावीत, अशी सोय आहे. एखादा शेतकरी आपल्या हलक्या जमिनीवर फुलांचे कुरण तीस वर्षे राखण्याचा करार करतो, त्याची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत होते आणि त्याला त्याचे पैसे मिळतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून तो देश अशी कुरणे गमावीत आला. १९३० च्या दशकानंतरच्या अर्धशतकात सखल प्रदेशातील नैसर्गिक कुरणांपैकी सुमारे ९७ टक्के नष्ट झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या कराराचे महत्त्व कळते. कोठेच एकके मिळाली नाहीत तर अखेरचा उपाय म्हणून शासनाकडून ती घ्यावयाची, आणि त्यांची किंमत मुद्दाम जड ठेवलेली आहे: योजना सुरू झाली तेव्हा अगदी साध्या अधिवासासाठी ४२,००० पौंड, काही सरोवरांसाठी ६,५०,००० पौंड, आणि तेही एका एककामागे दोन.

परंतु कायदा केला आणि सृष्टी बहरली, असे तेथेही झालेले नाही, आणि ज्यांना ही कल्पना आपल्याकडे यावी असे वाटते त्यांनीच हे आधी सांगितले पाहिजे. कायदा सक्तीचा होण्यापूर्वी ज्या सहा स्थानिक संस्थांनी तो स्वेच्छेने स्वीकारला होता त्यांच्याकडील अर्जांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कागदावर एककांची वाढ होती; पण प्रत्यक्ष मोकळ्या अधिवासांचे क्षेत्र ३४ टक्क्यांनी घटणार होते. मोठ्या पण साध्या रानाच्या जागी लहान पण उत्तम रान देण्याचे वचन, असा तो व्यवहार होता, आणि उत्तम रान हे वचन म्हणून स्वस्त असते. वचनांचे काय होते हे शेफील्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ४२ नव्या वसाहतींत पायी फिरून पाहिले, आणि २०२४ च्या डिसेंबरात त्यांचे निष्कर्ष बाहेर आले. ह्या वसाहतींच्या परवानग्या नव्या कायद्याच्या आधीच्या होत्या, तरी निसर्गासाठी काय काय करावयाचे ह्याच्या अटी त्यांतही होत्या. कबूल केलेल्या गोष्टींपैकी जेमतेम ५३ टक्के जागेवर आढळल्या. पक्ष्यांच्या व वटवाघळांच्या घरट्यांच्या पेट्यांपैकी ७५ टक्के नव्हत्या. हेजहॉग नावाचा एक लहानसा काटेरी प्राणी तेथल्या बागांतून रात्री किडे शोधीत फिरतो. त्याला एका अंगणातून दुसऱ्यात जाता यावे म्हणून कुंपणाच्या बुडाशी वीतभर भोक ठेवावयाचे असते. अशी ८३ टक्के भोके कोणी पाडलीच नव्हती. एका कुंपणाला एक भोक! त्याला ना जमीन लागते, ना पैसा. लागते ते एवढेच, की काम पुरे झाल्यावर कोणी तरी येऊन वाकून पाहील, ही धास्ती. ती धास्ती घालणारा माणूस अनेक स्थानिक संस्थांच्या आस्थापनेवरच नाही. आणि २०२५ च्या अखेरीस ०.२ हेक्टरपर्यंतच्या जागांना ह्या बंधनातून मोकळे करण्याचा मनोदय तेथील शासनाने जाहीर केला. लहान बिल्डरांची अडचण खरी असेल. पण लहान जागांच्या बेरजेतूनच गावांच्या कडा बनतात, आणि कडेलाच ओढे असतात.

तर मग अशा कायद्याचे प्रयोजन काय? माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे प्रयोजन वृद्धीत नसून आरंभीच्या मोजणीत आहे. दहा टक्के मिळतील न मिळतील. पण नांगर, जेसीबी किंवा काँक्रीट येण्यापूर्वी येथे काय होते, ह्याची कायदेशीर नोंद झालीच पाहिजे, हे बंधन स्वतःच क्रांतिकारक आहे. ज्याची नोंद नाही त्याच्या नाशाबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही. शेफील्डच्या अभ्यासकांना त्या वसाहतींत जाऊन काय नाही ते मोजता आले, ते काय असावयाचे ते लिहिलेले होते म्हणून. आमच्या ओढ्याकाठी मी आज कोणत्या कागदाच्या आधारे उभा राहू?

आपल्याकडे कायदे नाहीत असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्राने १९७५ सालीच नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा स्वतंत्र अधिनियम केला, वृक्ष प्राधिकरणे निर्माण केली, झाडांची गणना सक्तीची केली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष हे नाव दिले, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी रोपे लावावीत, असा नियम आणला. त्या नियमामागील भावना मला पूज्य आहे. वयाचा असा मान राखणे हे ह्या मातीच्या संस्कारातच आहे. पण ऐंशी वर्षांच्या वडाच्या बदल्यात ऐंशी रोपे कोठे लावणार, हा प्रश्न येताच त्या भावनेची परीक्षा सुरू होते. आणि पुष्कळ वेळा ती रोपे शहराबाहेरच्या एखाद्या 'रिकाम्या' माळावर जातात. तो माळ रिकामा नसतो. तेथे चंडोल जमिनीवर घरटे करतो, धाविक दगडांच्या रंगाची अंडी उघड्यावर घालतो, पुण्याच्या आसमंतातील अशाच माळांवर अजून लांडगे पिले वाढवतात. ह्यांतल्या एकालाही झाडांची गर्दी नको असते. एका जागी झाड तोडून आपण एक अधिवास मोडला, आणि त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या जागी झाडे लावून दुसरा मोडला. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाच्या लागवडीखाली मूळची गवते व झुडपे दडपून गेली आहेत, हे तेथे सकाळी फिरावयास जाणारा कोणीही दाखवून देईल. त्याच शहराच्या हद्दीत समाविष्ट झालेल्या २३ गावांतील ९७८ हेक्टर टेकड्या जैवविविधता उद्यानासाठी आरक्षित आहेत; वाद इतकी वर्षे चालला तो जमीनमालकाला किती विकासहक्क द्यावेत ह्याचा, आणि त्या टेकड्यांवर काय जगते ह्याचा प्रश्न त्या वादात क्वचितच कोणी विचारला.

झाडे मोजणाऱ्या कायद्याची मर्यादा जितकी कोकणातील कातळसड्यांवर उघडी पडते तितकी दुसरीकडे कोठे पडत नाही. मे महिन्यात सडा म्हणजे काळा तापलेला जांभा. पाऊलभर माती नाही, नाव घेण्यासारखे झाड नाही. वृक्ष प्राधिकरणाच्या वहीत त्याचे मोल शून्य, सातबाऱ्यावर तो पोटखराब किंवा कातळ, आणि प्रकल्पाच्या प्रस्तावात 'ओसाड जमीन'. पावसाळ्याचे चार महिने मात्र त्याच खडकावरच्या बोटभर खोल डबक्यांत सीतेची आसवे जांभळी पसरतात, गेंद पांढरे होऊन उभे राहतात, दवबिंदू आपल्या चिकट केसांवर चिलटे धरून बसतो, आणि दीपकाडीसारखे फूल, जे जगात कोकणाबाहेर कोठे आढळत नाही, ते तेथल्या वीतभर मातीत उमलते. सड्यावर मुरलेले पाणी खालच्या वाडीतल्या विहिरीला येते, हे वाडीतली म्हातारी माणसे कोणत्याही भूगर्भशास्त्रज्ञाआधी सांगतात. हा सडा फोडून त्याबद्दल विदर्भात हजार सागवाने लावली तर कोणती भरपाई झाली? वनजमिनीच्या बाबतीत अशी दूरस्थ भरपाई आपण पर्यायी वनीकरणाच्या नावाने कित्येक वर्षे करीत आलो आहोत. नव्या हिशेबाचे नाव घेऊन तीच चूक पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठी तरी अपुनर्निर्मेय अधिवासांची आपली स्वतःची यादी आधी झाली पाहिजे: सडे, देवराया, कांदळवने, जिवंत झरे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या मंदिराच्या कुंडात सापडलेल्या एका लहानशा माशाचे २०२० मध्ये शास्त्रीय नामकरण झाले आणि पुढच्याच वर्षी शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एका कुंडासाठी जे करता आले ते करण्याचा अधिकार कायद्याने आपल्याला दिलेला आहे, हे त्यावरून सिद्धच होते.

तो कायदा म्हणजे २००२ चा जैविक विविधता अधिनियम. त्याच्या कलम ४१ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महानगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांना बरोबर घेऊन लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी रचना आहे. ह्या नोंदवहीची कल्पना माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकापासून गावोगाव फिरून घडवली. गुराख्याला, कोळ्याला, वैदूला जे ठाऊक आहे ते लिहून काढावे आणि त्या लेखाला शास्त्राच्या बरोबरीची प्रतिष्ठा द्यावी, असे तिचे स्वरूप. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि चुकणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावयास लावण्याची ताकीद दिली, तेव्हा वह्या भराभर पुऱ्या झाल्या. धाकाने लिहिलेल्या वहीत गुराख्याचा आवाज किती उतरला असेल, ही शंका अभ्यासकांनी काढली आहे आणि ती रास्त आहे. तरीही वही आहे. इंग्लंडला जो पाया नव्याने घालावा लागला तो, कच्चा का होईना, आपल्याकडे घातलेला आहे. फक्त तो एका कपाटात आहे आणि बांधकामाचा नकाशा दुसऱ्या, आणि ह्या दोन कपाटांच्या मध्ये कोणीच ये-जा करीत नाही.

माझी मागणी मोठी नाही. अभिन्यासाच्या अर्जाला जसा मोजणीचा नकाशा जोडावा लागतो, तसाच त्या गटापुरता नोंदवहीतील उतारा आणि एका पावसाळ्यात व एका उन्हाळ्यात केलेल्या अधिवास-पाहणीचा अहवाल जोडणे सक्तीचे व्हावे. आज पर्यावरणविषयक पूर्वपरवानगीची अट २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे लागू होते. आपल्या गावांच्या कडेने ज्या वसाहती उठतात त्यांतील कित्येक त्या रेषेच्या आतच राहतात. मोकळ्या जागेचे जे दहा टक्के आपण सोडतोच ते शक्य तेथे ओढ्याला लागून सोडावेत, त्यावर फरशी घालू नये, आणि तेथे मूळचे गवत राखले तर ते बाग न केल्याचा दोष न ठरता नियमाचे पालन ठरावे. कबूल केलेल्या कामापोटी बँक हमी घ्यावी आणि ती दहा-पंधरा वर्षांत, दर तपासणीनंतर, हप्त्याहप्त्याने मोकळी करावी; शेफील्डच्या अभ्यासकांनी जे पाहिले त्यावरून एवढा धडा आपण घेतलाच पाहिजे. प्रत्येक नगरपालिकेला नगररचनाकार असतो तसा निदान प्रत्येक तालुक्याला एक प्रशिक्षित निसर्ग-निरीक्षक असावा. वनस्पतिशास्त्राच्या आणि प्राणिशास्त्राच्या पदव्या घेऊन स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिकांत बसलेली मुले आपल्याकडे थोडी नाहीत.

घरे महाग होतील, असा आक्षेप येईल, आणि ज्याला डोक्यावर छप्पर नाही त्याच्या नावाने आला तर तो आदराने ऐकला पाहिजे. परंतु बंधन आगाऊ जाहीर असले की त्याचा भार बहुतांशी जमिनीच्या भावात उतरतो, घराच्या नव्हे. आणि ओढा बुजवून बांधलेल्या वसाहतीत दर पावसाळ्यात ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरते ती बहुधा अशीच माणसे असतात, ज्यांना दुसरीकडे घर परवडले नव्हते. निसर्गाचे असे गुण मांडणे हाच मुळी त्याचा अवमान होय, असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्याशी माझे भांडण नाही. सुगरणीच्या घरट्याची एकके होत नाहीत हे मलाही कळते. परंतु शासनाच्या दप्तरात जे आकड्यांत उतरत नाही ते आज शून्य धरले जाते, आणि त्या शून्याने आजवर जे गिळले ते पाहता, अपुऱ्या आकड्याची बाजू घेणे मला माझे कर्तव्य वाटते.

वसाहतीच्या पलीकडे, ओढ्याच्या दुसऱ्या काठाला, तसाच आणखी एक तुकडा अजून शिल्लक आहे. त्याच्याही अर्जाची हालचाल सुरू असल्याचे कानावर आहे. गेल्या पावसाळ्यात मी तेथे अकरा वेळा गेलो. दोन वेळा बरोबर एक मेंढपाळ होते, त्यांनी मला पवन्या, मारवेल आणि कुसळी ही गवते पात्यावरून वेगळी करावयास शिकवले, आणि ओढ्याच्या वळणावर उन्हाळ्यातही न आटणारा एक झरा दाखवला, जो मला इतकी वर्षे ठाऊक नव्हता. एका वाकड्या बोरीवर सुगरणींची नऊ घरटी होती, त्यांपैकी चार अर्धवट सोडलेली. हे सगळे तारीखवार लिहून, गट क्रमांक घालून, मेंढपाळांची सही घेऊन मी आमच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नावे कचेरीत दिले. तेथल्या लिपिक बाईंनी ती पाने दोनदा चाळली, हे कोणत्या फायलीला लावावयाचे ते आपल्याला विचारावे लागेल असे प्रामाणिकपणे सांगितले, आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का उमटवून दिला.